भंते, मला जमत नाय

आषाढ पौर्णिमेच्या आदल्या रविवारी आमच्या कॉलनीतल्या विहारात सतरंज्या बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेल्या त्या सतरंज्या बायका दोघी-दोघींनी धरून झटकतात. हर्सूल तलावाकडून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात धूळ लांब जात नाही, आमच्याच अंगावर बसते. यंदाही बसली. मी एक टोक धरलं होतं. आत कुणीतरी माइकवर फुंकर मारत होतं, उदबत्तीचा वास फरशी पुसल्याच्या वासात मिसळला होता आणि दारात ओल्या चपलांचा ढीग वाढत होता. वर्षावास आला, हे मला पंचांग बघून कधीच कळत नाही, या ढिगावरून कळतं.

पावसाचे तीन महिने भिक्खू गावोगाव हिंडत नाहीत. एका विहारात मुक्काम करतात आणि रोज संध्याकाळी लोकांना धम्म सांगतात. लहानपणापासून असे किती वर्षावास पाहिले. कुणी भंते फार कठीण बोलायचे, कुणी फार हळू, एक तर बोलता बोलता स्वतःच हसत सुटायचे. पण सतरंजीचं टोक हातात आलं की मला एकच वर्षावास आठवतो. त्या वर्षी समोरच्या आसनावर बसलेले भंते म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ होता.

त्याचं घरातलं नाव विलास. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. डबा, शिफ्ट, मोटारसायकल, रविवारी क्रिकेट. बाबा गेले त्या वर्षी तो एका ध्यानशिबिराला जाऊन आला आणि गप्प झाला. रागावलेला गप्प नव्हे, काहीतरी ऐकत असल्यासारखा गप्प. पुढच्या वर्षी त्यानं नोकरी सोडली, मुंडण केलं, चीवर घेतलं. आई तेव्हा चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, "पोरगं जिवंत हाय, पण माझं नाय राह्यलं." त्याला नवं नाव मिळालं. ते नाव पत्रिकांवर छापलं जातं. आमच्या घरात मात्र त्याला एकच नाव पडलं, भंते. आईनंच पाडलं. सगळ्यांच्या आधी तीच म्हणायला लागली.

पुष्कळ वर्षं तो लांब लांब राहिला. मग विहार समितीनं त्याला इथं वर्षावासाचं निमंत्रण दिलं आणि त्यानं ते स्वीकारलं.

तो आला त्या दुपारी सर पडून गेली होती. छत्री होती तरी त्याचं डोकं भिजलं होतं. सगळी कॉलनी फुलं घेऊन रांगेत उभी. आई सगळ्यात पुढं, पांढरं लुगडं नेसून. तो पायऱ्या चढला तसा आईनं पदर हातात घेतला आणि त्याच्या डोक्याकडं नेला. शाळेतून भिजून आला की ती असंच त्याचं डोकं खसाखसा पुसायची. पदर अर्ध्यावर थांबला. भिक्खूला बाईनं शिवायचं नसतं. तिनं तोच पदर खाली आणला आणि त्याच्या पायापुढची पायरी पुसून काढली. मग गुडघे टेकून तीनदा वाकली. मी शेजारी होते. तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधायला गेले, तर तिथं चक्क रुबाब होता. नंतर कुणा बाईनं कौतुकानं विचारलं, "शेवंताबाई, ह्यो तुमचाच ना?" आई म्हणाली, "व्हता. आता तुमचा बी हाय. जेवण नीट घालत जा."

ते जेवण हा आईचा मोठा प्रश्न झाला. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत आणि भोजनदानाची पाळी रोज वेगळ्या घराची. आमची पाळी आली की पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. तो मान खाली घालून जेवायचा, काय आवडलं ते बोलायचा नाही. आई लांब बसून त्याचं पात्र बघायची. आमटी संपली की तिचा दिवस चांगला जायचा.

संध्याकाळची प्रवचनं हळूहळू भरायला लागली. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या बायका आणि रिटायर्ड मंडळी. मग कामावरून परस्पर येणारे, हेल्मेट मांडीवर घेऊन बसणारे. मग कॉलेजच्या पोरी. विहाराशेजारी पंक्चरचं दुकान आहे. तिथले चाचा नमाज उरकून दुकानाच्या फळीवर बसून ऐकायचे. एकदा आत डोकावून म्हणाले, "भंतेजी, आवाज जरा बाहर तक आने दो, मैं भी सुनता हूँ." त्या दिवसापासून एक भोंगा त्यांच्या दिशेनं वळवला.

भंते बोलायचे अगदी साधं. "श्वास आत आला, आला म्हणा. बाहेर गेला, गेला म्हणा. दुसरं काही करू नका. दिवसभर लई केलंय." लोक हसायचे आणि मग डोळे मिटायचे. सुरुवातीला ते मिटलेले डोळेही गमतीचे असत. कुणी घोरायचं, कुणाचा फोन वाजायचा, कुणी एक डोळा उघडून शेजारणीकडं बघायचं. पत्र्यावर जोराचा पाऊस आला की माइक ऐकू यायचा नाही. मग भंते बोलणं थांबवून बसून राहायचे आणि आम्हीही. मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्ग दोन मिनिटं शांत ठेवायला मला काय काय करावं लागतं ते मलाच माहीत. इथं एवढी माणसं, कुणी न दटावता, पावसाच्या आवाजाखाली गप्प बसलेली. त्या गप्प बसण्याचा मला फार अभिमान वाटायचा. आमच्या आज्या-पणज्यांना गप्प बसवलं गेलं होतं. आम्ही आपण होऊन बसलो होतो.

अभिमान हा शब्द भंतेंना आवडत नाही. त्यानं मीपणा वाढतो म्हणतात. एवढ्यापुरता मला तो वाढू द्यायचाय.

भादव्यात त्यांनी मैत्री भावना शिकवायला घेतली. आधी स्वतःसाठी चिंतायचं, मी सुखी असो, माझ्या मनातलं वैर जावो. मग जवळच्या माणसासाठी. मग जो आपला नाही आणि परकाही नाही अशासाठी, रोज दिसणारा दूधवाला समजा. आणि शेवटी ज्याच्याशी आपलं वैर आहे त्याच्यासाठी. एकेका पायरीवर कितीतरी दिवस. बायका घरी जाताना चर्चा करायच्या, "माझं तर दूधवाल्यापाशीच अडकलंय, पाणी घालतो मेला."

त्याच दिवसांत एक बाई प्रवचनाला येऊन मागं बसली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. जिल्हा परिषदेत काम होतं, ते उरकून आली होती. प्रवचन संपल्यावर पुढं आली, लांबूनच हात जोडले. म्हणाली, "भंतेजी, मी सुनंदा, गावची सरपंच. तुमची प्रवचनं मोबाईलवर ऐकते. मला झोप लागत नव्हती, आता लागते. आमच्या गावात एकदा या ना. पारावर बसून सांगा सगळ्यांना." आणि तिनं गावाचं नाव घेतलं.

ते आमचं गाव होतं. देवगाव रंगारीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. आईनं विचारलं, "कुणाची सून तू?" सुनंदानं सासऱ्यांचं नाव सांगितलं. गाव त्यांना आबा म्हणतं. आई उठली आणि चपला न घालताच घरी निघून आली.

ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी पुरती सांगितली नव्हती. मला तुकड्यातुकड्यानं माहीत होती. मी तेव्हा कडेवरची, विलास शाळेत जाणारा. जयंतीच्या दिवशी बाबांनी पाराजवळ निळा झेंडा लावला. आबांनी तो काढायला सांगितला. आबांची जमीन मोठी, गावात शब्द मोठा. बाबा म्हणाले, "संध्याकाळी काढतो, आज आमचा सण हाय." त्यावर आबांनी भर पारावर त्यांच्या कानाखाली मारली. बाबांचं पागोटं धुळीत पडलं. गाव बघत होतं. बाबांनी पागोटं उचललं, झटकलं, डोक्याला गुंडाळलं आणि झेंड्याला टेकून संध्याकाळपर्यंत उभे राहिले. ऊन उतरल्यावर झेंडा आपल्या हातानं काढला, घडी केला, घरी आणला. त्या महिन्यातच आम्ही शहरात आलो. बाबांनी वॉचमनची नोकरी धरली, आई मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. बाबांचा डावा कान गेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर आम्ही सगळे उजवीकडं बसायचो, ही आमच्या घराची रीतच होऊन गेली. ते कधी काही बोलले नाहीत. आई मात्र रोज दिवा लावताना पुटपुटायची. मला वाटायचं वंदना म्हणते. मोठेपणी कळलं, ती आबांना शाप द्यायची.

सुनंदा येऊन गेल्यावर काही दिवस आई विहारात आली नाही. "गुडघे दुखत्यात" म्हणाली. मी म्हटलं, "आई, भंतेंनी अजून होकार दिलेला नाही." ती म्हणाली, "त्यांनी कुठंबी जावं. मी त्या गावात पाय ठेवायची नाय."

मग एका संध्याकाळी ती आली. नेहमीची पुढची जागा सोडून दाराशी, चपलांच्या जवळ बसली. भंते त्या दिवशी चौथ्या पायरीवर बोलत होते. म्हणाले, "आता वैऱ्याला डोळ्यांपुढं आणा आणि चिंता, याचंही भलं होवो." सगळ्यांनी डोळे मिटले. पाऊस नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकू येत होती. आणि त्या शांततेत आई उभी राहिली.

"भंते, मला जमत नाय."

डोळे उघडले. माना वळल्या. समितीचे अध्यक्ष हातानं खाली बसा म्हणून खुणा करायला लागले. आई त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

"तुम्ही सांगता, वैऱ्याचं भलं चिंता. ज्यानं तुमच्या वडलांवर हात उचलला, त्याचं बी? त्यांचा कान गेला. ते मरस्तोवर माझं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू आलं. त्याचं भलं कसं चिंतू? तुम्हाला जमतंय का, ते सांगा."

तोवर विहारात ते तिला सगळ्यांसारखंच 'उपासिका' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "आई."

माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला.

"आई, तू खरं विचारलंस. मला पण लई दिवस जमलं नाही. डोळे मिटले की बाबांचं पागोटं दिसायचं. मी गुरूंना सांगितलं, मी इथंच अडकलोय, मला परत पाठवा. ते म्हणाले, तो चांगला होता असं म्हणू नकोस. विसरू तर अजिबात नकोस. एवढंच बघ, त्याच्या मनात द्वेष नसता, तर त्याचा हात उठला असता का? मग त्याचा द्वेष जावो असं चिंतणं म्हणजे तो हात खाली यावा असंच चिंतणं आहे. तेव्हापासून मला जमायला लागलं. रोज जमतं असं नाही. काल जमलं नव्हतं."

आई उभीच होती. म्हणाली, "मंग त्याला कळायला पायजे का नको, त्यानं काय केलं ते?"

"कळायला पाहिजे."

"कोण सांगणार?"

आईनं थोडी वाट पाहिली, मग आपणच मान हलवली, जणू उत्तर मिळालं. खाली बसली आणि डोळे मिटले. बाहेरून चाचांचा आवाज आला, "वाह, अम्मा." कुणी हसलं नाही.

त्या दिवशी घरी येताना मी विचार करत होते. आसनावरच्या भिक्खूला एक म्हातारी भर सभेत म्हणते, तुम्हाला जमतंय का ते सांगा, आणि भिक्खू म्हणतो, काल जमलं नव्हतं. कुणी तिला पापी म्हटलं नाही, कुणी बाहेर काढलं नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा त्यांना नेमकं काय मिळालं, असं मला वर्गातली पोरं कधी कधी विचारतात. आता मी त्यांना ही संध्याकाळ सांगते.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, भंतेंनी सुनंदाला होकार कळवला आणि आम्ही गावाला गेलो. भंते, आई, मी आणि कॉलनीतली चार माणसं, एका जीपमध्ये. दौलताबादच्या उतारावर सीताफळांच्या पाट्या मांडून बाया बसल्या होत्या. आई एरवी जीप थांबवायला लावते, त्या दिवशी बाहेर बघतच राहिली. वेरूळ मागं पडलं, कसाबखेडा मागं पडलं. रस्त्याच्या कडेला मका वाळत घातलेला. ऊन चांगलंच तापलं होतं.

पारासमोर मंडप होता. एका अंगाला डोक्यावरून पदर घेतलेल्या शेतकरी घरातल्या बाया, त्यांची माणसं खुर्च्यांवर. दुसऱ्या अंगाला गावातल्या आमच्या वस्तीतली माणसं, पांढऱ्या कपड्यांत. मधे बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी. कुणी ती ठरवून सोडली नव्हती, ती आपोआपच सुटली होती. भंते आसनावर बसले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आधी मधली जागा भरा. मग बोलू."

कुणी हलेना. मग सुनंदा उठली. ती सरपंच, तिची खुर्ची पुढं होती. ती खुर्ची सोडून मधल्या सतरंजीवर, कडेला बसलेल्या आईच्या शेजारी येऊन बसली, मांडीला मांडी लावून. मग तिच्या मागं तिची जाऊ. मग आमच्यातल्या दोघी. मग जागा भरत गेली.

श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं तेव्हा कुठं तरी ट्रॅक्टर सुरू होता, शेळी ओरडत होती. तरी गाव बसलं. मी डोळे उघडे ठेवले होते. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी धरून एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते. तेच आबा. माझ्या मनातला आबा केवढा उंच होता. हा माणूस एवढासा.

भंतेंनी मैत्री सांगितली, विहारात सांगितली तशीच. मग म्हणाले, "कुणाला काही बोलायचं असेल तर बोला." आई उठली. मी माइक द्यायला गेले, तो तिनं बाजूला केला. तिला माइकची गरज नव्हती.

"मी शेवंता. ह्या गावची सून. ह्या पारावर, जयंतीच्या दिवशी, माझ्या मालकाच्या कानाखाली मारली व्हती. आबांनी मारली. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी बघितलंय, पोरांना कुणी सांगितलं नसंल. मी सांगते. त्यांचा कान गेला. आमचं गाव गेलं. मी रोज दिव्यापुढं आबांना शाप दिले. आता देत नाय. भलं चिंतते, अजून पुरतं जमत नाय, पण चिंतते. विसरले मात्र नाय, आन विसरणार बी नाय. एवढंच सांगायला आले व्हते."

आबांचा मुलगा, सुनंदाचा नवरा, ताडकन उठला. त्याच वेळी आबा काठीवर जोर देऊन उठायला लागले. मुलगा घाईनं त्यांच्याकडं वळला, "आबा, तुम्ही बसा." आबांनी त्याचा हात झटकला. ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई खरं बोलती. व्हय, मीच मारलं व्हतं. झेंड्यापायी मारलं व्हतं. त्याचा काय बी गुन्हा नव्हता."

बस एवढंच. ते माफी मागायला आले नाहीत, आईही त्यांच्याकडं गेली नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंडपात माणसं जागच्या जागी बसून होती आणि आमच्या वस्तीतला एक म्हातारा ओक्साबोक्शी रडत होता. मी भंतेंकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ घट्ट. चीवराखाली ते भिक्खू होते की विलास, मला सांगता येणार नाही. माझी छाती मात्र एवढी भरून आली होती की त्या पारावर चढून ओरडावंसं वाटलं, ही माझी आई आहे आणि हा माझा भाऊ आहे.

परतीच्या वाटेवर आईनं दौलताबादला जीप थांबवली. पाटीतली सीताफळं दाबून दाबून बघितली, भाव केला, आणि पिकलेलं फळ तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून खाल्लं. बिया हातात गोळा करत मला म्हणाली, "संगे, लई गोड हाय गं."

ते सगळं या सतरंज्यांबरोबर परत येतं. भंते यंदा विदर्भात आहेत. आमच्या विहारात एक तरुण भिक्खू आलेत, नीट बोलतात, फक्त जरा घाई करतात. पौर्णिमेला विहार भरला होता. आईची पुढची जागा रिकामी होती. कारण सुनंदा येऊन तिला घेऊन गेली आहे. गावातल्या बायांना रोज संध्याकाळी कुणीतरी सांगायला हवं म्हणाली, आणि भंते तर लांब आहेत.

काल दिवेलागणीला मी फोन लावला. "आई, बरी आहेस ना? कुठं बसता?"

"पारावर. दुसरीकडं कुठं?"

"काय सांगतेस त्यांना?"

"म्हनलं, आधी सोताचं भलं चिंता. बायांना तेच जमत नाय बघ. एक तर रडायलाच लागली."

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं? गप बसले तिच्यासंगं. रडू दिलं." मागून बांगड्यांचा आवाज आला, सतरंजी झटकल्याचा आला, कुणीतरी 'शेवंतामाय' म्हणून हाक मारली. "बरं, ठेव आता. बाया आल्या."